प्लगचा गॅप आणि व्यापाऱ्याची गफलत

भिवंडीहून कापडाची थाने उचलायची आणि मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या दुकानांत पोहोचवायची, हा आमच्यासारख्या असंख्य लहान व्यापाऱ्यांचा रोजचा धंदा. या धंद्याची सारी भिस्त टेम्पोवर असते. पण कापडाचा पन्हा आणि पोत डोळे मिटून सांगणारे आम्ही व्यापारी टेम्पोचे बॉनेट उघडून कधी पाहत नाही. ही गफलत किती महाग पडते, ते आम्ही स्वतः भोगले आहे.

रमजानचा शेवटचा अशरा होता. ईदचा माल भरून येणारा आमचा सी.एन.जी. टेम्पो मुलुंडजवळ भर हायवेवर बंद पडला. दोन आठवड्यांपासून ड्रायव्हर सांगत होता, "सेठ, गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही." आम्ही म्हणालो, "ईद होऊ दे, मग बघू." आता माल रस्त्यावर आणि गिऱ्हाईक दुकानात, अशी गत झाली. जवळच्या गॅरेजवाल्याने कॉइल बदलली आणि गॅस किटही बदलावे लागेल म्हणाला. आठ दिवसांत गाडी पुन्हा मिसिंग मारू लागली. शेवटी कुर्ल्याच्या एका वयस्क मिस्त्रीने प्लग खोलून आमच्या हातात ठेवले. टोके झिजून गोल झाली होती आणि गॅप दीडपट वाढला होता. नवे प्लग काही शे रुपयांत बसले. कॉइलचे पैसे आणि ईदचा हंगाम मात्र गेला तो गेलाच.

यात एकट्या गॅरेजवाल्याला दोष देऊन चालणार नाही. आपली सवयच डिझेलची. २००५ साली छोटा हत्ती आला तो डिझेलवर. डिझेल इंजिनात दाबाच्या उष्णतेने इंधन पेटते, त्याला स्पार्क प्लग लागत नाही. पुढे सी.एन.जी. स्वस्त पडू लागला, २०२० पासून बी.एस. ६ चा नियम लागू झाला, आणि अनेकांनी डिझेल सोडून सी.एन.जी. घेतले. गाडी बदलली, पण देखभालीची रीत तीच राहिली.

प्लगचे काम साधे आहे. मधले टोक आणि बाजूचे वाकडे टोक यांच्यातल्या फटीतून ठिणगी उडते. हीच फट म्हणजे गॅप. बहुतेक लहान इंजिनांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. टोके झिजली की गॅप वाढतो आणि ठिणगी उडवायला कॉइलला जास्त व्होल्ट द्यावे लागतात. सी.एन.जी. पेटवायला पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे पेट्रोलवर कशीबशी चालणारी गाडी गॅसवर टाकताच मिसिंग मारते, गॅस वाया जातो आणि शेवटी कॉइल जळते. न जळलेला गॅस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतो आणि तोही खराब होतो. एका प्लगचा आळस असा तीन ठिकाणी पैसे घेतो.

काम होताना मालकाने जवळ उभे राहावे. इंजिन थंड असावे. गरम हेडमधून प्लग काढला तर आटे जातात. प्लगच्या खोबणीतली धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. वायरी असतील तर एकेक काढून जागच्या जागी लावाव्यात. नव्या प्लगचाही गॅप फीलर गेजने तपासावा. कमीजास्त करायचा तर फक्त बाजूचे टोक हलकेच वाकवावे, मधल्याला धक्का लावू नये. इरिडियमच्या बारीक टोकाच्या प्लगला तर छेडूच नये. प्लग आधी हाताने फिरवून बसवावा, मग डब्यावर छापले असेल तितकाच पान्याने आवळावा.

जुना प्लग फेकण्याआधी त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जाते. ओले तेल दिसले तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले समजावे. पांढरा पडून फोड आले असतील तर इंजिन जास्त तापते आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बाजारात नामांकित कंपनीच्या डब्यात नकली प्लग विकले जातात. विकणारे आणि जाणूनबुजून बसवणारे यांत आपलेही भाऊ असतील. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना दिलेला इशारा फक्त तराजू आणि गजापुरता आहे असे समजू नका. प्लगचा गॅप हेही मापच आहे. खऱ्या मिस्त्रीशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारा सेठही या जबाबदारीतून सुटत नाही. हुनराची मजुरी पुरी दिली तरच कारागीर गेज हातात धरील. नाहीतर अंदाजपंचे काम करील.

दुसरे असे की गाडीचे पुस्तक इंग्रजीत असते. उर्दू शाळेत शिकलेले आम्ही ते मुलाकडून वाचून घेतो आणि आकडे वहीत उतरवतो. गॅरेजमध्ये राबणाऱ्या आपल्या पोरांना हे कोण वाचून दाखवणार? हात तयार आहेत, पण कागद नाही. त्यांना आय.टी.आय.च्या मोटर मेकॅनिक कोर्सला किंवा भायखळ्याच्या साबू सिद्दीकसारख्या संस्थेत पाठवण्याची जबाबदारी आपण व्यापाऱ्यांनी उचलली पाहिजे. एका मुलाची फी एका हंगामाच्या नुकसानीपेक्षा जास्त होत नाही.

तोवर प्रत्येकाने निदान एवढे करावे. हिशेबाच्या वहीत एक पान टेम्पोचे ठेवावे: प्लग कोणत्या तारखेला बदलले, किती किलोमीटरवर, गॅप किती ठेवला. आणि ड्रायव्हर "मिसिंग मारते" म्हणाला तर ईदची वाट पाहू नये. गाडी हीसुद्धा अमानत आहे, आणि तिच्यात भरलेला माल तर दुसऱ्याचाच असतो.