आळीतल्या बायका

गणपतीत वाईला आजीला फोन केला. आळीत सगळे कसे आहेत, असं विचारलं तर म्हणाली, "आता आम्ही बायकाच उरलोय गं. पुरुष सगळे भिंतीवर." भिंतीवर म्हणजे हार घातलेल्या फोटोत! आजी 86 वर्षांची आहे.

आधी हसू आलं. मग शाळेतल्या जुन्या खोडीप्रमाणे आकडे शोधत बसले. आजीची आई पाचव्या बाळंतपणात गेली, मोठी जाऊ दुसऱ्या. तेव्हा त्याला 'नशीब' म्हणत. 1970-75 मध्ये भारतात पुरुषाचं सरासरी आयुर्मान 50.5 वर्षं होतं आणि बाईचं 49. जगात बहुतेक ठिकाणी बाई जास्त जगते, आपल्याकडे उलटं होतं. सगळ्यांचं झाल्यावर तळाचं जेवायचं, अंगात रक्त नाही, वर्षाआड पाळणा, आणि मुलगी तापली तर "बघू उद्या". 1990 मध्ये अमर्त्य सेन यांनी लिहिलं होतं की जगात दहा कोटींहून अधिक बायका 'बेपत्ता' आहेत. एकट्या भारतातल्या नव्हेत, पण आपला वाटा त्यात मोठा होता.

ऐंशीच्या दशकात बाईने पुरुषाला जेमतेम गाठलं. 2014-18 ला ती 70.7 वर आणि तो 68.2 वर. लाख बाळंतपणांमागे 2001-03 मध्ये 301 आया जात, 2018-20 मध्ये 97. महाराष्ट्रात तर 33. मुलं कमी झाली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, लसी आल्या. हे सोपं नव्हतं, आणि याचा आनंद मला मनापासून आहे.

पण आजीची आळी डोळ्यांपुढून जाईना. नवरा चार-पाच वर्षांनी मोठा, त्यात बाईचं आयुष्य जास्त. म्हणजे शेवटची काही वर्षं तिने एकटीने काढायची, हे जवळजवळ ठरलेलंच. साठी गाठलेली बाई सरासरी आणखी साधारण 19 वर्षं जगते. एवढ्या वर्षांची तजवीज कुणी केलेली असते?

आमच्याकडे नव्हती. आजोबा जाऊन 11 वर्षं झाली, तरी घर अजून त्यांच्याच नावावर. वीजबिलही त्यांच्याच नावाने येतं. फॅमिली पेन्शन कित्येक महिने अडलं होतं, कारण सर्व्हिस बुकात आजीचं सासरचं नाव आणि एका जुन्या दाखल्यावर माहेरचं. साहेब म्हणाले, "या दोन बायका एकच कशावरून?" पासबुक काकांकडे असतं. काका चांगले आहेत, पण दोनशे रुपये हवे असले तरी आजी त्यांना मागते. जिने सहा माणसांचा संसार शिक्षकाच्या पगारात केला, ती!

आपण इथून काय करतो? बीपीचं मशीन पाठवतो, गुडघ्याचे पट्टे पाठवतो आणि पैसे भावाच्या खात्यात. मीही तेच करत आले. या सुट्टीत जाल तेव्हा एवढं जरूर विचारा: वारसनोंद झाली का? आईचं स्वतःचं खातं आहे का, आणि त्यातून पैसे काढणं तिला जमतं का? नुसतं नॉमिनी म्हणून नाव लावलं की मालकी मिळाली, असा आपला समज असतो, तसं नसतं. विषय काढताना घरात थोडी शांतता पसरेल. आमच्याकडे पसरली. काकू उठून चहा करायला गेल्या.

काका मात्र तयार झाले. डिसेंबरात आम्ही जातोय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा आहे आणि मिळकत पत्रिकेवर आजीचं नाव लावायचं आहे. तिला फोनवर सांगितलं तर थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "माझं नाव? कुठलं लावशील गं, माहेरचं की सासरचं?"