सॅक्सोफोनची जात कोणती?



लग्नसराई आली, भीमजयंती आली की घाटनांदूर, परळी, अंबाजोगाई या पट्ट्यात बँडवाल्यांची धावपळ सुरू होते. त्यात सॅक्सोफोन वाजवणारा आपलाही एखादा तरुण असतो. घरातली जाणती माणसे त्याला म्हणतात, "गावकीची कामं आपण सोडली ना? मग हे वाजवणं परत कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज एका वादकाची हकिकत सांगतो.

कद्री गोपालनाथ यांचा जन्म १९४९ साली कर्नाटकातील मंगळूरकडचा. वडील नागस्वरम् वाजवीत. हे आपल्या सनईच्या जातकुळीतले वाद्य. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याने वेगळी वाट धरली. विलायती वाद्यावर आपले शास्त्रीय संगीत वाजवायचे!

हे सोपे नव्हते. सॅक्सोफोन बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी घडवला आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण आवाज निघतो तो तोंडाशी लावलेल्या वेताच्या पातळ पत्तीतून. कळ दाबली की एक स्वर मिळतो. आपल्या रागाला मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड लागते. ती ओठ आणि श्वास यांच्या ताब्यातूनच काढावी लागते. त्यासाठी गोपालनाथांनी वर्षानुवर्षे रियाज केला.

१९८० साली मुंबईत जॅझ महोत्सव भरला होता. जॅझ हे अमेरिकेतील काळ्या लोकांचे संगीत. गुलामीत भरडलेल्यांच्या नातवंडांनी ते जगभर नेले. महोत्सवाला तिथले कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक जॉन हँडी आले होते. त्यांनी त्याआधीच उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदबरोबर ध्वनिमुद्रिका केली होती. गोपालनाथांचे वादन ऐकल्यावर दोघांनी एकत्र वादन केले. जॅझ आणि राग एका मंचावर आले. पुढे १९९४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या महोत्सवात गोपालनाथ वाजवून आले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले.

आता जाणत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. आपण सोडली ती सक्ती. जन्मावरून गळ्यात अडकवलेले, शिळ्यापाक्या भाकरीवर करून घेतलेले काम सोडले. स्वतः निवडलेली, शिकून मिळवलेली आणि ठरवून मोबदला घेतलेली कला ही निराळी गोष्ट आहे. फरक वाद्यात नसतो. कोणाच्या मर्जीने आणि कोणत्या अटीवर वाजवतो, यात असतो.

तेव्हा मातापित्यांनो, मुलाला अडवू नका, पण त्याच्याकडून तीन गोष्टी करवून घ्या. शाळा सोडू देऊ नका. नुसत्या ऐकीव चालींवर न थांबता स्वरलिपी वाचायला शिकू द्या. आणि सुपारी घेताना बिदागी, वेळ व जेवणखाण आधी ठरवून इसार घ्यायला सांगा. वरातीत कोणी दारूच्या नशेत अरेतुरे केले, तर वाद्य खाली ठेवण्याची हिंमतही त्याच्यात असू द्या.