आरे-वारेचा रस्ता रुंद नको, हळू हवा

मंडळी, दिवाळीची सुट्टी असो की नाताळचा आठवडा, ती संपली की रत्नागिरीत एक पोस्ट हमखास फिरते. आरे-वारेच्या वळणावर अडकलेल्या गाड्यांचा फोटो आणि खाली एकच मागणी, रस्ता रुंद करा. मग आपणच त्यावर बदाबदा लाइक टाकतो. यंदा मी टाकला नाही. का, ते सविस्तर लिहितोय. थोडं लांबलंय, पण वाचा.

मी बारा वर्षं या रस्त्यांवर सायकल चालवतोय. रेसर वगैरे नाही, पोट सुटलेला नोकरदार माणूस आहे. पण बाहेरून सायकलवाले येतात आणि विचारतात, "तुम्ही इथे रोज चालवता? नशीबवान आहात." ते खरंच आहे. उत्तरेला शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळे. पंचवीसेक किलोमीटर, आणि मधल्या चढावर पोचलात की खाली दोन्ही बाजूंना किनारा. दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून सुरुबनाच्या कडेने फणसोप, गोळपची चढण, पावस आणि पुढे मुचकुंदीच्या मुखावरचा पूर्णगड. तिथून गावखडी, कशेळी, आडिवरे. असा रस्ता पैसे देऊन बांधून मिळत नाही. तो चांगला आहे कारण तो अरुंद आहे, वळणाचा आहे आणि त्यावर गाडी पळवता येत नाही. रुंदीकरणवाल्यांच्या लक्षात येत नाही ते नेमकं हेच.

गेल्या नाताळात वारे गावाकडे उतरताना मागून एक मोठी गाडी आली. वळणावर ओव्हरटेक, समोरून दुसरी. मी साइडपट्टीवर उतरलो. साइडपट्टी कसली, डांबराची कडा संपली की वीतभर खाली खड्डा. चाक अडकलं, खांदा निखळला, दोन महिने हात गळ्यात. गाडी थांबली नाही. संबंधित कार्यालयात अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "अहो, या रस्त्यावर सायकल कशाला चालवता?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, पण तो माझ्यापुरता नाही. या रस्त्यावर सायकल कोण चालवतं? आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी गडी चालवतात. सकाळी सातला कामावर निघालेला गवंडी चालवतो. आमच्या वाडीतल्या दोन मुली आठवीपासून सायकलने शाळेत जायच्या. आता त्यांच्या आईने सायकली पडवीत उभ्या करून ठेवल्यात. "गाड्या बघितल्यास काय रे कशा येतात? एसटी मिळेल तेव्हा जातील," म्हणाली. एसटी चुकली की शाळा चुकली. माझा खांदा बरा झाला. त्या मुलींचं काय?

आता काही जण म्हणतील, म्हणूनच तर रस्ता रुंद हवा. थांबा. रस्ता रुंद आणि सरळ केला की गाड्या हळू होतात की जोरात जातात? हातखंब्याच्या पुढे महामार्गावर जाऊन बघून या. आणि वेगाचं गणित सोपं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद दुप्पट नाही, चौपट होते. तिशीतल्या गाडीचा धक्का लागलेला माणूस बहुतेक वेळा उठून शिव्या देतो. साठातल्या गाडीखाली आलेला क्वचितच उठतो.

बरं, वाचतं किती? समजा पुळ्यापर्यंतच्या वाटेत वस्तीचा रस्ता सगळा मिळून सहा किलोमीटर धरला. तो ताशी ६० ने काढला तर ६ मिनिटं, ३० ने काढला तर १२. फरक सहा मिनिटांचा. पुण्याहून सात-आठ तास गाडी चालवत आलेल्या माणसाची सहा मिनिटं वाचवायला आपण आपल्या मुलींची शाळा पणाला लावायची?

दुसरा मुद्दा ॲम्ब्युलन्सचा. तो खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. मालगुंडचा पेशंट रत्नागिरीला वेळेत पोचायलाच हवा. पण ॲम्ब्युलन्स अडते कशाने? वळणावर गाडी आडवी लावून सेल्फी काढणाऱ्यांमुळे. रस्ता दुप्पट करा, तेही दुप्पट गाड्या लावतील. तिथे पार्किंग बंदी हवी, सुट्टीच्या दिवसांत एक पोलीस हवा. डोंगर कापायची गरज नाही. आणि डोंगर कापून होतं काय ते आपण कोकणात दर पावसाळ्यात बघतो. वर जांभा, खाली मऊ माती. एकदा पायथा मोकळा केला की जुलैत सगळं रस्त्यावर.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण रेवस ते रेडी सागरी महामार्गातले खाड्यांवरचे पूल आता होऊ घातलेत. पूल हवेतच. जयगड-तवसाळची फेरीबोट चुकली की काय होतं ते मलाही ठाऊक आहे. पण आजवर खाड्यांनी हा किनारा तुकड्यातुकड्यांत ठेवला होता, म्हणून आपले गावरस्ते गावचे राहिले. पूल जोडले की मुंबई ते गोवा जाणारा माणूस आपल्या अंगणातून जाणार. तो काय वेगाने जाणार, हे आज ठरवलं नाही तर नंतर फक्त श्रद्धांजलीचे बॅनर लावायचे.

आता सड्याविषयी. हल्ली 'ग्रॅव्हल' सायकलिंगचं खूळ आलंय. जाड टायर, लाल मातीचा रस्ता. आपल्याकडे त्याला पाणंद म्हणतात, आणि गडग्यांच्या मधून जाणारी ती वाट सड्यावर जाते. सप्टेंबरात सड्यावर सीतेची आसवं फुलतात तेव्हा त्या वाटेसारखी दुसरी वाट नाही. पण या वाटा दोन बाजूंनी मरतायत. एका बाजूला चिऱ्याच्या खाणी आणि त्यांचे डंपर. दुसऱ्या बाजूला बाहेरून येऊन सड्यावर पन्नास एकर घेणारे. पहिल्या महिन्यात तारेचं कुंपण, दुसऱ्या महिन्यात गेट, तिसऱ्या महिन्यात "खाजगी मालमत्ता". गुरं नेणाऱ्या आजोबांनी वळसा घालायचा.

यात आपलीही चूक आहे. वाट वहिवाटीची आहे, असं आपण नुसतं तोंडी सांगतो. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, ती चढवली आहे का? जाऊन बघा. बहुतेक पाणंदी तिथे नसतील. नोंद नसलेल्या वाटेची बाजू ग्रामपंचायत कशी घेणार? आणि शेताकडे किंवा कुरणाकडे जाणारी वहिवाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. आपण सहा महिने पारावर बसून चर्चा करतो आणि सातव्या महिन्यात कोर्टात जायची भाषा करतो.

आणि सायकलवाल्या मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला तो प्रचंड हत्ती आहे. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, बारसू, सगळीकडे कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यातली सात ठिकाणं आपल्या जिल्ह्यातली. त्यांच्यावरून सायकल फिरवून रील काढणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. हजारो वर्षं पावसाने पुसली नाहीत, ती आपण टायरने पुसणार? उतरा, सायकल बाजूला ठेवा, कडेने बघा. फुलांच्या दिवसांत तर मळलेली वाट सोडूच नका. नाहीतर तारेचं कुंपण घालणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

मला निळ्या रंगाचा सायकल ट्रॅक नको. तो फीत कापण्यापुरता असतो, आठवड्यात त्यावर शहाळ्याची गाडी लागते. मागण्या साध्या आहेत. वस्तीत ३० ची मर्यादा, नुसता बोर्ड नाही तर गतिरोधकासह. वेगमर्यादा ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याने राज्य सरकारला आणि त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांना दिलेला आहे, दिल्लीला जावं लागत नाही. डांबराला समपातळीत मुरमाची साइडपट्टी, दर पावसाळ्यानंतर दुरुस्त केलेली. शाळा भरताना आणि सुटताना डंपर बंद. घाटीतली वळणं आहेत तशी. आणि प्रत्येक पाणंद नमुना २३ मध्ये.

यातल्या बऱ्याच गोष्टींना टेंडरसुद्धा लागत नाही, म्हणून तर त्या होत नाहीत.

शेवटची मागणी पूर्ण आपल्या हातात आहे. पुढच्या ग्रामसभेला आपापल्या गावच्या वाटांची यादी लिहून न्या. वाटेचं नाव, कुठून कुठे, कोण वापरतं. ठराव मांडा, इतिवृत्तात येईपर्यंत उठू नका. मी आमच्या वाडीची यादी केली, सात वाटा निघाल्या. नोंद होती फक्त दोनांची.

तुमच्या गावच्या किती आहेत? कमेंटमध्ये लिहा. आणि त्या गाड्यांच्या फोटोला पुन्हा लाइक करण्याआधी एकदा पडवीतल्या त्या दोन सायकली आठवा.