गोष्ट कळली, चित्राचे काय?

अमेरिकेत बुधवार हा कॉमिक्सचा बाजारवार. त्या दिवशी दुकानांत नवे अंक लागतात आणि त्याच दिवशी, पुष्कळदा त्याच्या आधीच, परीक्षणांचा रतीब सुरू होतो. या घाईचे कारण व्यवहारात आहे. तिथला कॉमिक्सविक्रेता बहुतेक माल परत न करण्याच्या अटीवर उचलतो. न खपलेला अंक त्याच्याच गळ्यात पडतो. गिऱ्हाईकालाही वीस-बावीस पानांच्या कथेसाठी चार-पाच डॉलर मोजायचे असतात. घ्यावे की न घ्यावे, एवढेच सांगणारा कुणीतरी दोघांनाही हवा असतो. परीक्षक ते काम इमानाने करतो. मागच्या अंकात काय झाले, या अंकात काय होते, पुढे काय होईल असे वाटते, आणि शेवटी दहापैकी साडेआठ. चित्रांच्या वाट्याला एखादे वाक्य येते. चित्रे ‘देखणी’ असतात, फार तर ‘परिणामकारक’ असतात. पुढे अवाक्षर नाही.

डीसी या प्रकाशनाने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ ही नवी मालिका आणली. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. या मालिकेतला ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन, कुबेरपुत्र नाही. वाडा नाही, तिजोरी नाही, कष्टकरी वस्तीत वाढलेला हा मुलगा आहे. चर्चा झाली ती मुख्यतः या कल्पनेची. कल्पना चांगलीच आहे, पण ती दोन ओळींत सांगून होते. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला, त्यात ड्रॅगोटाच्या हाताचा वाटा किती, हे कोण सांगणार? त्याचा बॅटमॅन चौकटीत मावत नाही इतका रुंद आहे. छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह काढले की त्याची कुऱ्हाड होते. पैशाने शस्त्रे विकत घेता न येणारा माणूस अंगालाच शस्त्र करतो, ही गोष्ट संवादांपेक्षा त्या खांद्यांनी आधी सांगितली आहे. ती न पाहता दिलेले साडेआठ गुण नेमके कशाचे?

दुसरी खोड याहून जुनाट आहे. सगळ्या प्रकारांना एकच फूटपट्टी. भयकथा असो, आत्मकथन असो की वृत्तांत, प्रश्न ठरलेले: कथानक वेगवान आहे का, पात्रे पटतात का, शेवट धक्का देतो का. भयकथेच्या बाबतीत खरे तर वाचकाच्या बोटांचा विचार करायला हवा. डावीकडून उजवीकडे वाचायच्या कॉमिक्समध्ये जाणता चित्रकार भयंकर ते डाव्या पानावर ठेवतो, कारण ते पान उलटल्यावरच दिसते. उजव्या पानावरची शेवटची चौकट ही त्याची तयारी: अर्धे उघडलेले दार, किंवा आपल्याकडे नाही, आपल्या मागे बघणारा चेहरा. मग पान उलटायचे. परीक्षणासाठी आगाऊ आलेली प्रत पडद्यावर एकेक पान सरकवत वाचणाऱ्याला हे डावे-उजवे उरतच नाही. मग तो लिहितो, की भीती वाटली नाही. कशी वाटणार?

एमिल फेरिस यांचे ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’ हे 2017 चे पुस्तक. त्याचा दुसरा भाग 2024 मध्ये आला. 1960 च्या दशकातले शिकागो, शेजारणीचा संशयास्पद मृत्यू आणि स्वतःला लांडगामाणूस म्हणून रंगवणारी दहा वर्षांची कॅरेन. सगळे पुस्तक रेघी वहीच्या कागदावर बॉलपेनने काढल्यासारखे आहे, कारण ती कॅरेनची वही आहे. वेस्ट नाइल या विषाणूच्या आजाराने फेरिस यांचा उजवा हात लुळा पडला होता. पेन हाताला चिकटपट्टीने बांधून त्यांनी रेघा ओढायला पुन्हा सुरुवात केली. ही हकिगत आता सगळ्यांना पाठ आहे आणि ती हृदयस्पर्शी आहेच. पण परीक्षकाचे काम तिच्यापुढे सुरू होते. बॉलपेनची रेघ खोडता येत नाही, छाया हवी तर रेघांवर रेघा चढवाव्या लागतात, आणि त्या जाळ्यातून चेहरे हळूहळू वर येतात. मुलगी शेजारणीचे रहस्य ज्या चिकाटीने उकरते, त्याच चिकाटीने ते चेहरे काढलेले आहेत. हे दाखवणे ही समीक्षा.

वृत्तांताचे निकष आणखी वेगळे. जो सॅको यांचे 2025 मधले ‘द वन्स अँड फ्युचर रायट’ हे पुस्तक तर आपल्याच देशातले आहे; 2013 च्या मुझफ्फरनगर दंगलीविषयीचे. छायाचित्रकार घटनेच्या वेळी हजर असावा लागतो. सॅको नंतर जातात आणि लोकांनी सांगितलेले काढतात. म्हणजे प्रत्येक चौकटीमागे कुणाची तरी जबानी आहे आणि दोन जबान्या जुळत नसतील तर दोन चित्रेही जुळता कामा नयेत. अशा पुस्तकात ‘कथानक रेंगाळते’ हा शेरा गैरलागू आहे. कोणती चौकट साक्षीदाराची आणि कोणती चित्रकाराची, हे वाचकाला कळते का, हा खरा प्रश्न. आत्मकथनाबद्दल एवढेच नोंदवतो, की टेसा हल्स यांच्या ‘फीडिंग घोस्ट्स’ला 2025 चे पुलित्झर आत्मकथन विभागात मिळाले. ‘माउस’ या चित्रकथेला 1992 मध्ये ते ‘विशेष’ म्हणून द्यावे लागले होते. निवड समित्या पुढे सरकल्या आहेत. परीक्षकांनाही सरकायला हरकत नसावी.

आपल्याकडची स्थिती सांगायची तर अमेरिकेतला तो साडेआठ गुणांचा परीक्षकही परवडला म्हणायची वेळ आहे. मराठी पुरवण्यांत कॉमिक्स येते ते आठवणींच्या सदरात. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ, डेन्कालीचे जंगल, कवटीची अंगठी, उन्हाळ्याची सुट्टी. वाचायला गोड. वेताळाचा जनक ली फॉक हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ज्याच्या रेषेतला वेताळ डोळ्यांपुढे उभा राहतो, तो साय बॅरी 1961 पासून तीन दशकांहून अधिक काळ तो काढत होता, हे किती जण सांगतील? अमर चित्र कथा म्हटले की अनंत पै आठवतात, आठवायलाच हवेत. प्रताप मुळीक आणि राम वाईरकर ही नावे मात्र आठवावी लागतात. मराठी माणसांनी काढलेली ही चित्रे देशभरच्या मुलांनी पाहिली आणि मराठीत त्यांच्या रेषेवर धड दहा निबंध नाहीत.

नवे तर दाराशी येऊनही दिसत नाही. ‘भीमायन’ 2011 मध्ये आले. विषय डॉ. आंबेडकरांचा, चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना पेटीत कोंबायचे नाही म्हणून पाने दिघना या पारंपरिक नक्षीच्या वळणांनी विभागली. संवादाचे फुगेही त्यांचेच. साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि जातीचा दंश करणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. शब्द वाचण्याआधीच कळते, की आता कोण डसणार आहे. या पुस्तकाचे परीक्षण ‘बाबासाहेबांचे प्रेरक चरित्र चित्ररूपात’ असे करणे म्हणजे पुस्तक न उघडणेच होय.

मराठीत अनुवादित कॉमिक्स येतात तेव्हा तर एक तपासणी कुणीही करू शकेल. इंग्रजी कॉमिक्सचे फुगे मोठ्या लिपीतल्या, एकाच उंचीच्या अक्षरांच्या मापाने काढलेले असतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींत अंतर ठेवावेच लागते. ते न ठेवता मजकूर ठासला, की अक्षरे मुंगीएवढी होतात. ठेवले तर फुगा फुगून चित्रावर चढतो. जाणकार अक्षरकार वाक्य तोडतो, अनुवादकाला शब्द कमी करायला लावतो. अमेरिकेतल्या आयस्नर या कॉमिक्सच्या पुरस्कारांत अक्षरकाराला आणि रंगकाराला स्वतंत्र पुरस्कार असतो. इकडे अक्षरांचे काम संगणकावर कुणीतरी उरकलेले असते आणि परीक्षकाला त्यात काही वावगे दिसत नाही.

पुरवणीच्या संपादकांकडे एक साधी मागणी आहे. परीक्षणाखाली लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत अशी जी पट्टी छापता, तिथे चित्रकथेच्या वेळी चित्रकाराचे, रंगकाराचे आणि अक्षरकाराचे नाव घाला. मुखपृष्ठाऐवजी आतले एखादे पान वाचता येईल इतके मोठे छापा. आणि परीक्षण अशा माणसाकडून लिहून घ्या, ज्याने त्या पानाकडे निदान दोनदा पाहिले आहे.