घर आणि यंत्र : बॉयलरचा काटा का घसरतो?



कोकणातल्या कितीतरी घरांची मुले-मुली आज ब्रिटनमध्ये संसार करीत आहेत. तिथल्याच एका भगिनीचा प्रश्न आहे : “आमचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला. दर आठवड्याला दाबाचा काटा शून्याकडे जातो आणि बॉयलर बंद पडतो. मग घरही गार आणि नळालाही गरम पाणी नाही. हे पाणी भरतात, तो पुन्हा चालू होतो. अम्मी वयस्कर आहेत, पहाटे वुजूला गरम पाणी लागतेच. असे भरत राहिले तर चालेल का?”

एक-दोनदा चालेल. दर आठवड्याला नाही. का, ते समजून घेऊ.

घर तापवणारे पाणी नळाला येत नाही. ते बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांतून गोल फिरते. ही वाट बंद असते, म्हणून भरलेले पाणी वर्षभर जवळपास तेवढेच राहायला हवे. यंत्र गार असताना काटा साधारण 1 ते 1.5 बारवर असावा. तापल्यावर पाणी फुगते आणि काटा थोडा चढतो, 2 च्या आसपास गेला तरी चिंता नाही. दर आठवड्याला पाणी कमी होत असेल, तर ते कुठेतरी जात आहे. कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे.

काटा दोन दिवस नीट पाहा. गार असताना आणि तापल्यावर, दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून ठेवा.

तापल्यावर काटा 3 कडे धावतो आणि गार झाल्यावर तळाशी येतो? मग संशय एक्स्पान्शन व्हेसलवर घ्यावा. या डब्यात रबरी पडद्यामागे हवा भरलेली असते आणि फुगलेल्या पाण्याला ती जागा करून देते. वर्षांगणिक हवा कमी होते किंवा पडदा फाटतो. मग वाढलेला दाब 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, जसा कुकरचा जादा दाब शिटीवाटे जातो, आणि पाणी घराबाहेर काढलेल्या तांब्याच्या नळीतून सांडते. त्या नळीखालची भिंत ओली आहे का, ते पाहा. हात लावू नका, पाणी पोळणारे असू शकते.

काटा फारसा चढत नाही, नुसता हळूहळू उतरतो? मग गळती शोधा. रात्री प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा आणि सकाळी पाहा. छतावर, गालिच्याखाली डाग आहेत का, तेही बघा. कुठेच ओल नसेल, तर जुन्या बॉयलरच्या आतला हीट एक्स्चेंजर झिरपत असू शकतो. ते पाणी आतल्या आत ड्रेनला जाते आणि कुणाला दिसत नाही.

रेडिएटरमधली हवा नुकतीच काढली असेल, तर मात्र काटा उतरणे साहजिक आहे. एकदा पाणी भरले की प्रश्न मिटतो.

भरताना यंत्र बंद आणि गार असू द्या. फिलिंग लूपचा व्हॉल्व्ह हळू उघडा, काटा 1 ते 1.5 च्या मध्ये आला की घट्ट बंद करा. तो किंचित उघडा राहिला, तर दाब आपोआप चढत राहील.

पुन्हा पुन्हा का भरू नये? प्रत्येक नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो. लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो. गंज रोखण्यासाठी घातलेले औषध पातळ होत जाते. छोटी गळती मोठ्या खर्चाला जन्म देते ती अशी.

काटा पाहणे, ओल शोधणे आणि पाणी भरणे एवढेच आपले काम. बॉयलरचे झाकण स्वतः उघडू नये, ओळखीच्या ‘सगळं जमणाऱ्या’ भाईंनाही उघडू देऊ नये. ब्रिटनमध्ये गॅसचे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेल्या इंजिनिअरनेच करायचे असते. त्याचे ओळखपत्र मागण्यात संकोच नको. घर भाड्याचे असेल, तर दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणे ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. बॉयलर बिघडल्याचेही त्याला लेखी कळवा.

इंजिनिअर आला की तो कागद त्याच्या हाती द्या. “नवा बॉयलरच घ्या,” असे तो म्हणाला, तर कोणता भाग गेला ते आधी विचारा. व्हेसलमध्ये हवा भरता येते, व्हेसल किंवा व्हॉल्व्ह बदलता येतो. पंधरा वर्षांच्या यंत्राचा हीट एक्स्चेंजरच गेला असेल, तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालण्याआधी नव्याची किंमत विचारून घ्यावी. आणि हे सारे कडाक्याची थंडी पडण्याआधी उरकावे. ऐन हिवाळ्यात इंजिनिअर लवकर मिळत नाही आणि वयस्कर माणसाला गार घर सोसत नाही.