'जरा हळू' म्हणा ना!

पाऊस सुरू झाला की आमच्या कॅम्प चारमधूनही मुरबाडमार्गे माळशेजला सहली निघतात. गाडी कुणीही चालवो, 'जरा हळू' म्हणायचा हक्क आपला. तो वापरायलाच हवा, असं मला वाटतं.

याच माळशेज घाटात २००९ मध्ये संशोधक विद्या अत्रेया आणि वनखात्याने 'आजोबा' नावाच्या बिबट्याला गळ्यात पट्टा घालून सोडलं होतं. सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. एवढी वस्ती ओलांडली, पण कुणाला ओरखडा नाही. २०११ मध्ये मात्र एका वाहनाच्या धडकेत तो गेला.

म्हणून सांगते, तिन्हीसांजेला नि पहाटे वेग कमीच हवा. जनावर दिसलं तर थांबा, दिवे मंद करा. प्रखर झोतात ते बावचळून जागीच थबकतं. एक गेलं तरी घाई नको, मागून पिल्लं असू शकतात.

आणि माकडांना टाकायचे वेफर्स? ते तर आपल्याच पिशवीतून निघतात! खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात नि चाकाखाली सापडतात. यात कसलं आलंय पुण्य? मुलांना माकडं खुशाल दाखवा, पण काच वर करून.