स्वतःच्याच शरीरातून घडलेला स्तन

कर्करोगामुळे काढलेला स्तन रुग्णाच्याच त्वचा-चरबीतून पुन्हा घडवता येतो. शरीराच्या एका भागाने दुसऱ्याची उणीव भरण्याची कल्पना मराठी मुलखाला जुनीच आहे. कपाळाच्या त्वचेतून नाक घडवण्याच्या पुण्याकडील शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापले होते.

स्तनासाठी इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीचा भाग वापरला. पोटाची त्वचा-चरबी १९८०च्या दशकात रूढ झाली. बाळंतपणानंतर सैल पडलेले पोट इथे कामी येते. सुरुवातीला मात्र त्वचा-चरबीबरोबर पोटाचा स्नायूही न्यावा लागे, त्यामुळे हर्नियाचा धोका राही. आता सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडतात आणि स्नायू जागीच राहतो.

असा स्तन मऊ आणि उबदार असतो, वजनाबरोबर वाढतो-घटतो, वयाबरोबर ओघळतो. सिलिकॉनच्या कृत्रिम रोपणाला हे जमत नाही. शिवाय रेडिएशननंतर त्याभोवतीचे आवरण आवळून आकार बिघडण्याची शक्यता वाढते. पण निकाल चांगला कशाला म्हणायचे? कोल्हापुरातल्या एखाद्या बाईला ब्लाउजचे माप देताना दोन्ही बाजू सारख्या भरणे हे छायाचित्रातल्या प्रमाणबद्धतेपेक्षा मोलाचे वाटू शकते. म्हणूनच सौंदर्याचा निकाल शल्यविशारदाने एकट्याने देऊ नये. रुग्णाचे समाधान प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत योग्यच आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. पोटावर आडवा व्रण कायम राहतो, सावळ्या त्वचेवर तो कधी जाड, कधी गडद होतो. स्पर्शाची जाणीव सहसा पूर्ण परतत नाही. क्वचित रक्तपुरवठा थांबून जोडलेला भाग गमवावा लागतो. स्तनाग्र काही महिन्यांनी वेगळे घडवतात, त्याभोवतीचा रंग गोंदून भरतात.